रखवालदारावर पहारा

‘कॅन्सरचं जनुक सापडलं’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, ते एक जनुक काढून टाकलं की विषय संपला. पण पेशीत एकट्यानं काम करणारं जनुक जवळपास नसतंच. माणसाकडे प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत आणि ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात, चालू-बंद करतात, मोडूनही टाकतात. या जाळ्यातला माझा सर्वांत आवडता कोपरा दोनच प्रथिनांचा आहे: पी५३ आणि एमडीएम२.

पी५३ सापडलं १९७९ साली. डीएनए तुटला की पेशीचं विभाजन थांबवायचं आणि नुकसान फारच असेल तर पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं. तरीही निरोगी पेशीत पी५३ जेमतेमच असतं, कारण पेशी ते सतत बनवते आणि लगेच मोडून टाकते.

मोडायची व्यवस्था एमडीएम२ कडे. ते पी५३ ला चिकटतं आणि त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं. खूण दिसली की प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र पी५३ चे तुकडे करतं. आणि एमडीएम२ चं जनुक चालू कोण करतं? खुद्द पी५३!

डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम नावाचं विकर या दोघांवर फॉस्फेट चढवतं, त्यांची पकड सैल होते आणि पी५३ साचू लागतं. ते एमडीएम२ चं जनुक चालू करतं खरं, पण आधी आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, मग तिच्यावरून प्रथिन, यात वेळ जातो. तोवर पी५३ बरंच वर गेलेलं असतं. मग एमडीएम२ चा लोंढा येतो, पी५३ कोसळतं, आणि डीएनए अजून तुटकाच असेल तर पुन्हा चढतं. गिझरचं पाणी नळाला उशिरा पोचतं तेव्हा आपणही असेच एकदा फार गरम, एकदा फार गार करत बसतो.

२००४ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत गालित लाहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिनं जोडली आणि एकेका जिवंत पेशीचं चित्रण केलं. गॅमा किरणांचा मारा वाढवला तरी पी५३ ची लाट सरासरीनं उंच होत नव्हती. लाटांची संख्या वाढत होती. एका पेशीत एक लाट, शेजारणीत दोन, कुठे एकही नाही. सगळ्या पेशी एकत्र करून मोजलं असतं तर हे सरासरीत विरून गेलं असतं.

१९९५ मधले उंदरांवरचे प्रयोग तर मला फारच बोलके वाटतात. एमडीएम२ नसलेले उंदीर गर्भातच मरतात. पी५३ सुद्धा काढून टाकलं तर तेच उंदीर जन्मतात, वाढतात! मग एमडीएम२ हे जगण्यासाठी अत्यावश्यक जनुक म्हणायचं की नाही? जोडीदार कोण आहे ते सांगितल्याशिवाय याला उत्तरच नाही.

म्हणून ‘कॅन्सरविरोधी जनुकं जागी करणारे’ काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांपासून लांब राहा. पी५३ नुसतं वाढवून भागत नाही. २००२ मध्ये ज्या उंदरांत ते गरजेपेक्षा जास्त सक्रिय झालं होतं, त्यांना गाठी कमी झाल्या, पण ते अकाली म्हातारे झाले.

काही गाठींमध्ये पी५३ धडधाकट असतं, पण एमडीएम२ वारेमाप बनतं. ही पकड सोडवणारी औषधं रुग्णांवर तपासली जात आहेत. मात्र निरोगी पेशींमध्येही हीच जोडी असल्यानं या औषधांनी रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, आणि डोस ठरवताना डॉक्टरांची सगळी कसरत तिथेच चालली आहे.