फुदाई: भिंत किती उंच, त्याहून भिंत कुठे

जपानच्या इवाते प्रांतात पॅसिफिकच्या काठी फुदाई नावाचं 2011 मध्ये जेमतेम तीन हजार वस्ती असलेलं मासेमारी गाव आहे. 1896 आणि 1933 च्या त्सुनामींनी इथले 439 जीव घेतले. त्यामुळे सरपंच कोतोकु वामुरा साडेपंधरा मीटर उंचीच्या संरक्षक भिंतीवर अडून बसले. एवढी उंची कशाला, म्हणून टीका झाली, पण ते हटले नाहीत. 1967 मध्ये ओतानाबे बंदरामागे भिंत उभी राहिली आणि 1984 मध्ये फुदाई नदीवर 205 मीटर लांबीचा दरवाजांचा बांध. खर्च 356 कोटी येन.

इथला किनारा दातेरी, खाड्या अरुंद. चार हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सुमारे 700 किलोमीटरने धावते. दहा मीटर खोलीवर हाच वेग 36 वर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतच राहतं, म्हणून लाट उंचावते. निव्वळ खोली घटल्याने एक मीटरची लाट साडेचार मीटर होते. निमुळत्या खाडीत दोन्ही बाजूंनी दाबली गेली की आणखी चढते.

11 मार्च 2011 च्या त्सुनामीत बांधावर पाण्याच्या खुणा वीस मीटरच्याही वर गेल्या. म्हणजे साडेपंधरा मीटरही अपुरेच पडले! तरी बांधामागचं गाव वाचलं, ते बांधाच्या जागेमुळे. तो अगदी किनाऱ्यावर नाही, सुमारे 300 मीटर आत, दरीच्या अरुंद भागात आहे. वरून सांडलं ते फक्त लाटेच्या माथ्याचं पाणी, तेही थोडाच वेळ. दरीत पसरून काहीशे मीटरवर ते थांबलं. दक्षिणेला तारो गावची दहा मीटर उंच, जवळपास अडीच किलोमीटरची भिंत मात्र ओलांडली गेली. तिचा एक भाग कोसळला आणि गाव वाहून गेलं. भिंतीवरून पडणारं पाणी मागच्या बाजूची माती उकरतं. पाया उघडा पडला की काँक्रीट कितीही जाड असलं तरी कलंडतं.

फुदाईतही बांधाबाहेरचं बंदर आणि नौका गेल्याच.

नदी अडवायची नाही, म्हणून इथे सलग भिंतीऐवजी दरवाजे आहेत. अडचणही तिथेच: वेळेत बंद झाले नाहीत तर उंची फुकट. त्या दिवशी चार मोठे दरवाजे दूरनियंत्रणाने खाली आले, बाजूचे लहान मात्र अडकले. लाट यायच्या आत अग्निशमन दलाच्या माणसांनी ते हाताने बंद केले.