नाळेचं रक्त साठवायचं की नाही, हा प्रश्न आला कुठून?

सांगली-मिरजेकडं सातवा महिना लागला की बऱ्याच जोडप्यांना कॉर्ड ब्लड बँकेचा (बाळाच्या नाळेतलं रक्त, म्हणजे त्यातल्या नवीन रक्त बनवणाऱ्या पेशी, पैसे घेऊन गोठवून ठेवणारी कंपनी) फोन येतो, हप्त्यांची सोय पण सांगतात, आणि मग घरात सासर-माहेर दोन्हीकडनं चर्चा सुरू. आईबाप पोराच्या काळजीपोटी पैसे भरतात, म्हणून यामागचं काय ते नीट माहिती पाहिजे.

नाळेचं रक्त इलाजासाठी पहिल्यांदा वापरलं 1988 ला पॅरिसमध्ये, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा एक जन्मजात आजार) असलेल्या एका मुलावर, आणि ते यशस्वी झालं. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. जाहिरातीत नेमकं हेच गळतं.

आपल्याकडं 2000 नंतर खाजगी बँका आल्या. केंद्राची पहिली गाइडलाइन 2007 ची, 2013 ला ती बदलली, आणि 2017 ला जे ठरलं त्यावरनं अजून वाद आहे. ठरलं असं की नाळेच्या रक्ताची बँक लायसन्स घेऊन चालवता येईल, पण नाळेचा तुकडा, वार (प्लासेंटा), दाताच्या आतला गर वगैरे साठवायची बँक नको. आणि त्याच गाइडलाइनमध्ये असंही आहे की बाळाला स्वतःला पुढं लागेल म्हणून रक्त ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. म्हणजे आधार नाही म्हणायचं आणि धंदा पण चालू ठेवायचा! बँकवाले म्हणतात बंदी तर नाहीये ना, निर्णय आईबापांचा. पण समोरच्या माणसाला "लायसन्स आहे" एवढंच ऐकू येतं, आणि माझ्या मते इथंच सरकार कमी पडलं.

आधार का नाही ते साधं आहे. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तोच बिघडलेला जीन नाळेतल्या पेशीत पण असतो, लहानपणीच्या ब्लड कॅन्सरमध्ये तर बिघाडाची सुरुवात कधीकधी जन्माआधीच झालेली असते, त्यामुळं स्वतःचं रक्त परत देऊन काय उपयोग. शिवाय एका पिशवीत जमतं ते जेमतेम 100 मिलीच्या आसपास, मोठ्या माणसाला बऱ्याचदा पुरत नाही. हां, थोरल्या पोराला थॅलेसेमिया आहे आणि दुसरं होतंय, तर धाकट्याचं रक्त जरूर ठेवा, ते गाइडलाइनला पण मान्य आहे.

अजून एक, याकडं कुणाचं लक्ष नसतं. जागतिक पातळीवरचा सल्ला आहे की नाळ बाळ जन्मल्यावर 1 ते 3 मिनिटांनी बांधा, तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि पुढं लोह कमी पडायचा धोका घटतो. पिशवी भरायच्या नादात घाईनं चिमटा लावला तर ते बाळाचंच रक्त पिशवीत जातं. आपल्याकडं पोरांमध्ये अ‍ॅनिमिया किती आहे ते कुठल्याही अंगणवाडीत विचारा.

आता जीन थेरपी (पेशीतला जीन बदलून करायचा इलाज) आलीये म्हणून पेशी ठेवा असं कुणी सांगत असेल तर बघा, ऑक्टोबर 2023 ला परवानगी मिळालेली देशी कार-टी (ब्लड कॅन्सरवरची ट्रीटमेंट) घ्या, त्यात टी-सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पेशंटच्या रक्तातनं त्याच वेळी काढतात. सिकल सेलवरची 2023 अखेरीस परदेशात मंजूर झालेली जीन एडिटिंगची ट्रीटमेंट, त्यात पण पेशंटच्याच त्यावेळच्या पेशी घेतात. दोन्हीकडं वीस वर्षांपूर्वी गोठवलेली पिशवी कुणी मागत नाही.