मुंबईतले बेघर निवारे : पार्श्वभूमी

मुंबईतल्या बेघर निवाऱ्यांची चर्चा सहसा 2010 पासून सुरू केली जाते. त्याआधी रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी शहराकडे दोन हत्यारे होती. 1888 च्या महापालिका कायद्यातल्या कलम 314 खाली नोटीस न देताही पदपथ मोकळा करता येतो. 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली तर हात न पसरताही, नुसते निराधार भटकताना दिसले तरी माणसाला भिक्षेकरीगृहात धाडता येते. दिल्लीत 2018 मध्ये न्यायालयाने या कायद्याचा मोठा भाग रद्द केला. महाराष्ट्रात मात्र त्याला धक्का लागला नाही.

जुलै 1981 मध्ये, ऐन पावसात, फूटपाथवरच्या कुटुंबांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायची घोषणा झाली. प्रकरण न्यायालयात गेले आणि 1985 मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातले वाक्य भाषणांत हमखास येते. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कलम 314 वैध ठरले. पदपथावर घर मांडण्याचा हक्क कोणालाही नाही, असे न्यायालयाने म्हटले. 1976 च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती दिल्याशिवाय हटवूच नये असे नाही. झोपड्यांना अभय मिळाले ते 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत. या निकालाला विजय म्हणणे मला तरी जड जाते.

त्याच वर्षी एका संस्थेने फूटपाथवरच्या सुमारे 6,000 कुटुंबांची मोजणी केली. त्या रेट्यामुळे पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात फूटपाथवासीयांचाही समावेश झाला. त्यासाठी झोपडी 1 जानेवारी 1995 पूर्वीची असावी लागे. ताडपत्रीची का होईना झोपडी आणि मतदारयादीत नाव असलेला ‘पात्र’ ठरला. पुलाखाली गोणपाट अंथरून झोपणाऱ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. तो पुनर्वसनाबाहेर राहिला, आणि निवारे आहेत ते त्याच्यासाठी.

निवाऱ्यांचा नियम मात्र आला दिल्लीच्या थंडीतून. डिसेंबर 2009 मध्ये तिथला एक तात्पुरता निवारा पाडला गेला. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांना आदेश दिले : दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा असलेला एक निवारा. मुंबईची लोकसंख्या 2011 मध्ये 1.24 कोटी भरली, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. जनगणनेत बेघर सापडले सुमारे 57 हजार, तेही एका रात्रीच्या मोजणीत. पालिकेने जागा नसल्याचे कारण पुढे केले आणि प्रत्यक्षातले निवारे त्या आकड्याच्या जवळपासही गेले नाहीत. जे झाले, त्यांतले बरेचसे मुलांसाठीचे.

2013 च्या केंद्रीय योजनेने माणशी 50 चौरस फूट जागा, संस्थेमार्फत व्यवस्थापन, आधार, रेशनकार्ड मिळवून देण्यासाठी मदत असा तपशील भरला. पण इथल्या फूटपाथवर कुटुंबेच्या कुटुंबे राहतात. बाप्याला एका हॉलमध्ये, बायको-मुलांना दुसरीकडे, अशी व्यवस्था त्यांच्या काय कामाची? शिवाय रोजच्या कामासाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या नाका कामगाराला नाक्याजवळच झोपावे लागते, आणि नाक्याजवळची जागा पालिकेला कधीच सापडत नाही.

बेघरांना तीन वेळचे जेवण, पाणी आणि निवारा मिळावा यासाठी केलेली याचिका 2021 मध्ये निकाली काढताना उच्च न्यायालयाने त्यांनीही काम करावे, सगळेच सरकार देऊ शकत नाही, असे सुनावले. वास्तविक नाक्यावर, कचऱ्यात, केटरिंगच्या भांड्यांपाशी यांतले बहुतेकजण कामच करत असतात. सार्वजनिक शौचालये त्यांना फुकट वापरू देता येतील का, हे तपासायलाही त्याच न्यायालयाने सांगितले.