ई तारेचे ४१ हर्ट्झ आणि दहा बाय बाराची खोली

अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस गिटारचा अ‍ॅम्प १९६९ साली आला. ३०० वॅटचं व्हॉल्व्हवालं हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट. आकारामुळे वादक त्या कॅबिनेटला सरळ ‘फ्रिज’ म्हणतात. रॉकच्या मोठमोठ्या स्टेजवर पन्नासहून जास्त वर्षं हा फ्रिज उभा आहे. आता त्याचा छापील तपशील बघा: ५८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला, ४० हर्ट्झला १० डेसिबलने. १० डेसिबल खाली म्हणजे शक्ती एक दशांश. आणि चार तारांच्या बेसची मोकळी ई तार आहे ४१.२ हर्ट्झची. त्या तारेवरचे ई पासून ए पर्यंतचे सहाही सूर ५८ च्या खालचे. म्हणजे ज्याच्यासमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं, ते कॅबिनेट ई तारेचा मूळ सूर नावापुरताच देतं.

तरीही ती ई आपल्याला ई म्हणूनच ऐकू येते. कारण तार छेडली की ४१ हर्ट्झ एकटा येत नाही. त्याच्यासोबत ८२, १२४, १६५, २०६ अशी स्वरांची अख्खी रांग येते. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच रांगेतला पाचवा. पिकअप (तारेची थरथर टिपणारं चुंबक) कुठे बसवलाय आणि तार कुठे छेडली यावर ठरतं, पण बेसवर बऱ्याचदा ८२ हर्ट्झचा दुसरा स्वर मूळ सुरापेक्षा जोरकस असतो. या सगळ्यांतलं अंतर ४१ चं. मेंदू ते अंतर पकडतो आणि मूळ सूर गैरहजर असला तरी त्याची हजेरी लावून टाकतो. जुन्या लँडलाइन फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, तरी काकांचा आवाज काकांचाच वाटायचा. तीच ही करामत.

अ‍ॅम्प घेताना सगळ्यात उपयोगी पडते ती हीच गोष्ट. बेस दोन प्रकारचा असतो: कानाला ऐकू येणारा आणि अंगाला जाणवणारा. ऐकू येणारा बेस लहान पेटीतून मिळतो. जाणवणाऱ्या बेससाठी पैसे, वजन आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती, तिन्ही खर्च होतात. सरावाला पहिला पुरतो. दुकानात मात्र प्रत्येकाला दुसरा हवा असतो, आणि विचारलं जातं ते भलतंच: ‘किती वॅटचा आहे?’

वॅट ही विजेची गोष्ट. कानापर्यंत वीज येत नाही, हललेली हवा येते. हवा हलवतो तो स्पीकरचा कोन, म्हणजे तो कागदी शंकू. आणि सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. सप्तक एक खाली उतरलं, की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. आकडे मांडून बघू. जमिनीवर ठेवलेला एकच स्पीकर, एक मीटरवर कान, ४१ हर्ट्झचा शुद्ध सूर आणि आवाज ९० डेसिबल. यासाठी दहा इंची स्पीकरला पुढे-मागे सुमारे २-२ मिलिमीटर हलावं लागतं. आठ इंचीला तीनहून जास्त. पाच इंचीला जवळजवळ ८. आता ड्रमर आला आणि १०० डेसिबल लागले, तर दहा इंचीलाही ६ मिलिमीटरच्या वर जावं लागेल. बेसचे पुष्कळ स्पीकर चार ते सहा मिलिमीटरपर्यंतच सरळपणे हलतात. त्यापुढे कॉइल (कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी) चुंबकाच्या पकडीतून बाहेर जायला लागते आणि ‘फर्र’ असा फाटका आवाज येतो. तिथे आणखी शंभर वॅट ओतले तर फक्त फर्र वाढतं. फ्रिजमधल्या आठ स्पीकरांनी हेच काम वाटून घेतलं, की प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरसुद्धा येत नाही. त्या धडधडीचं गुपित एवढंच: खोल सूर नाही, भरपूर हवा. (गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवू नये म्हणतात ते याच हिशेबामुळे. हळू आवाजात काही बिघडत नाही. जोरात वाजवलं तर बिचाऱ्या कोनाचं कठीण आहे.)

यात आणखी एक जाच आहे. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीतला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्याच्या नावाचा नियम स्पीकर बनवणारे अजून उद्धृत करतात: पेटी लहान, सूर खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. त्यामुळे ‘पेटी एवढीशी, पण बेस बघा’ असं विक्रेता म्हणाला, की तिसरी गोष्ट कुठे गेली ते शोधायचं. बहुतेक वेळा ती विजेत गेलेली असते, म्हणजे भरपूर वॅट ओतून मोजकाच आवाज. म्हणून पाठीमागच्या कागदावर वॅटच्या आधी संवेदनशीलता बघावी: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९४ च्या जागी ९७ असेल तर ते दुप्पट वॅट घेतल्यासारखं आहे, आणि तेही वीज न वाढवता. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. २०० सोडून २५० वॅटचा अ‍ॅम्प घेणाऱ्याला वाढून मिळतो तो अवघा एक डेसिबल, जो चालू गाण्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता कानाकडे येऊ, कारण खरी फजिती तिथे होते. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाची आवड-निवड मोजून वक्र काढले; त्यांची सुधारलेली आवृत्ती आज आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या मानकानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा हळू सूर जितका मोठा वाटतो, तितकाच ४० हर्ट्झचा सूर वाटायला ८२-८३ डेसिबल लागतात. शक्तीच्या भाषेत सुमारे १८,००० पट. आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होते: १००० हर्ट्झला ८० डेसिबल असतील तर ४० हर्ट्झला १०५ पुरतात, म्हणजे तीनशेपटीच्या आसपास. घरात हळू वाजवताना बेस पातळ आणि पोकळ का वाटतो, आणि तीच सेटिंग जॅमरूममध्ये अचानक गुबगुबीत का होते, त्याचं कारण हे. अ‍ॅम्प तोच असतो; बदलतो तो कान.

यावर हौशी माणूस काय करतो? बेसचं बटण फिरवतो. दहा डेसिबल वाढवले म्हणजे त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे दहापट शक्ती मागितली. २० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटवर सुखात चालला होता. आता त्याच्याकडे ५० मागताय. तो देऊ शकत नाही, सुरांची टोकं छाटली जातात, कोन तोल सोडतो, आणि दोष अ‍ॅम्पला दिला जातो. घरी सराव करायचा असेल तर माझं मत सरळ आहे: पैसे हेडफोनवर घाला. बरा, कान झाकणारा हेडफोन ४१ हर्ट्झ आरामात देतो, कारण त्याला खोली भरायची नसते, कानापुढची चमचाभर हवा हलवायची असते. अ‍ॅम्प २० ते ४० वॅटचा, आठ इंची स्पीकरचा असला की झालं. हेडफोन जॅक आणि मोबाइल लावायला ऑक्स इनपुट मात्र हवाच. मोठा अ‍ॅम्प घेऊन तो एकवर चालवण्यात काही हशील नाही.

कारण खोलीही तुमच्या बाजूची नसते. ४१ हर्ट्झची लहर ८ मीटरहून लांब. आपली खोली दहा बाय बारा फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लहरीचा अर्धा भाग बरोबर बसला, की तो सूर खोलीत घुमतो. बारा फुटांचा हिशेब येतो ४७ हर्ट्झ, म्हणजे एफ शार्पला जवळजवळ लागून. दहा फुटांचा ५६, म्हणजे ए च्या शेजारी. ई तारेवरचा दुसरा आणि पाचवा पडदा दणकतो आणि मधले सूर मिळमिळीत वाटतात, यात बोटांचा काही दोष नाही. खोलीच्या मध्यावर उभे राहिलात तर तेच सूर गायब होतील, भिंतीला टेकलात तर अंगावर येतील. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवला तर खालचे सगळेच सूर फुगतात. तो भिंतीपासून हात-दोन हात पुढे घेऊन स्टुलावर ठेवला, तोंड कानाकडे केलं, तर आवाज न वाढवता जास्त स्पष्ट ऐकू येतं. फुकटातला उपाय असल्याने कुणी करत नाही.

आणि भिंतीपलीकडचे? भिंत आवाज अडवते ती वजनाने, आणि खालच्या सुरांना तीच भिंत हलकी पडते: सप्तक एक खाली गेलं की अडवणूक साधारण ६ डेसिबलने कमी. म्हणून शेजारच्या जोश्यांना तुमचं सुरेल गाणं ऐकू जात नाही, नुसतं धप-धप जातं. कायद्याच्या मोजमापातही एक गंमत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण ती ‘ए’ मापाने. हे माप कानाच्या त्याच वक्रावरून बेतलेलं, त्यामुळे ५० हर्ट्झच्या आवाजातून ते ३० डेसिबल वजा करून टाकतं. मीटर गप्प आणि खिडकीची काच थरथरतेय, हा अनुभव मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर राहणाऱ्यांना सांगायला नको.

तीन-चार जणांत वाजवायचं असेल तर गणित बदलतं, आणि ते बदलतं ड्रममुळे. कॅफेत अकूस्टिक गिटार, कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि बेस एवढंच असेल तर ५० ते १०० वॅटचा दहा इंची कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरतो. पूर्ण ड्रमसेट, किंवा गोव्यातल्या तियात्रासारखा ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाला बँड असेल, तर २०० ते ३०० वॅट आणि एक बारा इंची किंवा दोन दहा इंची स्पीकर, याखाली जाऊ नये. गिटारवाला ३० वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर सगळ्यांना झाकून टाकतो आणि बेसवाल्याला तीनशे लागतात, हा अन्याय वाटतो. पण गिटार कानाच्या लाडक्या पट्ट्यात वाजते, तिचे स्पीकर जास्त संवेदनशील असतात आणि तिचा आवाज फाटला तर लोक टाळ्या वाजवतात. फेंडरने १९५२ साली बेससाठी काढलेला बेसमन अ‍ॅम्प पुढे गिटारवाल्यांनीच पळवला, आणि १९६२ मध्ये जिम मार्शलने आपला पहिला अ‍ॅम्प त्याच्याच सर्किटवरून बांधला, हा त्यातलाच प्रकार.

बँडमध्ये बेस हरवतो तेव्हाही दर वेळी वॅट कमी पडलेले नसतात. पन्नास-ऐंशी हर्ट्झच्या पट्ट्यात किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आधीच बसलेला असतो. बेसचा सूर ओळखू येतो तो २०० ते ८०० हर्ट्झच्या मिडमध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात, आणि नवखे वादक नेमकं तेच बटण खाली ओढून बेस आणि ट्रेबल वर करतात. एकट्याने वाजवताना ते फार छान वाटतं. ड्रम सुरू झाला, की बेस नाहीसा. अशा वेळी मास्टर व्हॉल्यूमला हात न लावता मिड थोडा चढवून बघा.

हल्लीची क्लास-डी, म्हणजे हलक्या सर्किटची, हेडं ही खरी चैन आहे: ५०० वॅट आणि वजन दोन-अडीच किलो. एसव्हीटीचं एकटं हेड चाळीस किलोच्या घरात होतं. रिक्षातून, लोकलमधून सामान नेणाऱ्याने आधी हे बघावं. मात्र छापलेले ५०० वॅट बहुधा ४ ओहमला असतात. ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर निम्म्याच्या थोडे वर मिळतात. फरक तीनएक डेसिबलचा, म्हणजे रडण्यासारखा नाही. उलट, हेडवर किमान ४ ओहम लिहिलेलं असताना ८-८ ओहमची दोनच्या जागी तीन कॅबिनेटं जोडणं महागात पडेल, कारण कॅबिनेटं वाढली की एकूण ओहम घटतात आणि तिघांचे ४ च्या खाली जातात. डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायची जागा) असेल तर उत्तम. कार्यक्रमात साउंडवाला तिथून सिग्नल घेतो, प्रेक्षकांचं काम हॉलचे स्पीकर करतात आणि तुमचा अ‍ॅम्प फक्त तुमच्यासाठी उरतो. मग लहान घेतला तरी चालतो.

दुकानात जाताना स्वतःचा बेस न्या. सगळी बटणं मध्यावर ठेवा, मोकळी ई तार जोरात छेडा आणि आवाज हळूहळू चढवा. जाळी काढता येत असेल तर कोनाकडे बघा: सूर नुसता थोडा मऊ होतोय की फर्र यायला लागलंय, ती जागा लक्षात ठेवा, तो त्या अ‍ॅम्पचा खरा आकडा. मग दुसऱ्याला वाजवायला सांगून तीन-चार मीटर मागे या, कारण पायाशी ठेवलेल्या अ‍ॅम्पचा वरचा आवाज गुडघ्यांकडे जातो, कानाकडे नाही. आणि दुकानात सगळे अ‍ॅम्प भिंतीला लावून, रांगेत, बरेचदा कोपऱ्यात मांडलेले असतात. आवडलेला अ‍ॅम्प दोन पावलं पुढे ओढायला सांगा आणि पुन्हा तीच ई वाजवा.