राखीव तेल आणि सरकारी जमिनींचे भाडेपट्टे : अमेरिकेतल्या एका विधेयकाची पार्श्वभूमी

सरकारी राखीव साठ्यातून तेल काढायचे, तर तेलासाठी आणखी सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याची योजना आधी हवी, असे एक विधेयक २०२३मध्ये अमेरिकेत आले. त्या साठ्याची गोष्ट १९७३ची: अरब देशांच्या तेलबंदीने अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यातून डिसेंबर १९७५मध्ये कायदा झाला आणि टेक्सास व लुइझियानाच्या किनारपट्टीलगत, भूगर्भातल्या मिठात गुहा कोरून तेल साठवण्याचे ठरले. एक पिंप तेलाच्या जागेसाठी सुमारे सात पिंप पाणी सोडून मीठ विरघळवावे लागते. उपसतानाही खालून पाणी सोडून तेल वर ढकलतात. त्या पाण्याने गुहेच्या भिंती आणखी झिजतात. म्हणून पूर्ण उपसे मोजकेच परवडतात.

१९९१च्या आखाती युद्धात, २००५च्या कतरिना वादळानंतर आणि २०११मध्ये लिबियातल्या संघर्षावेळी हा साठा बाजारात आला, पण बेताने. मार्च २०२२मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एकदम १८ कोटी पिंपे काढायचे जाहीर केले. वर्षअखेरीस साठा ३७ कोटी पिंपांच्या आसपास उतरला. इतका कमी तो १९८०च्या दशकानंतर झाला नव्हता.

याच बायडन सरकारने जानेवारी २०२१मध्ये सरकारी जमिनींवर तेलासाठी नवे भाडेपट्टे देणे थांबवले होते. जूनमध्ये लुइझियानातल्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तरी विरोधी रिपब्लिकन पक्षाचा राग धुमसत राहिला. तोच पुढे विधेयकात उतरला. साठ्यातून जितके टक्के तेल काढायचे, तितक्या टक्क्यांनी भाडेपट्ट्यावरील सरकारी जमिनीचे प्रमाण वाढवण्याची योजना आधी तयार हवी, कमाल मर्यादा १० टक्के. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, २७ जानेवारी २०२३ रोजी ते २२१ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर केले.

अडचण वेळेच्या हिशेबात आहे. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर सुमारे १३ दिवसांत साठ्यातले तेल बाजारात येऊ लागते. भाडेपट्ट्याला पर्यावरण तपासणी, लिलाव, विहिरीचा परवाना, खोदकाम, पाइपलाइन असे टप्पे लागतात. त्यात वर्षे जातात. शिवाय पट्टा घेतला म्हणजे तेल निघते असेही नाही: समुद्रातले पट्टे सोडले, तर पट्ट्यावर दिलेल्या जमिनीपैकी जवळपास निम्म्या जमिनीवर तेव्हा उत्पादनच होत नव्हते. तेलाची जातही वेगळी. साठ्यातले बरेचसे तेल जास्त गंधकाचे, तर न्यू मेक्सिकोच्या परमियन खोऱ्यातले हलके आणि कमी गंधकाचे. एकाच्या जागी दुसरे प्रत्येक शुद्धीकरण कारखान्यात चालत नाही.

आणि मुख्य उणीव मसुद्यातच होती. पुरवठ्यात गंभीर खंड पडल्यास अट लागू नव्हती. ही सूट योग्यच होती. पण २०२२ची १८ कोटी पिंपेही ऊर्जा खात्याने आणीबाणीची विक्री म्हणूनच काढली होती. ज्या उपशावरून वाद पेटला, तो या अटीत क्वचितच अडकला असता. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, विधेयक मतदानाला घेतले नाही.