रटलंड
रटलंड : इंग्लंडच्या पूर्व मिडलंड्समधील ग्रामीण काउंटी. क्षेत्रफळ ३८२ चौ. किमी.; लोकसंख्या सु. ४१,००० (२०२१). मुख्य ठिकाण ओकम. दुसरे शहर अपिंगम. लेस्टरशर, लिंकनशर व नॉर्थॅम्प्टनशर यांच्या बेचक्यातील हा प्रदेश इंग्लंडच्या ऐतिहासिक काउंट्यांत सर्वांत लहान आहे.

एवढ्याशा मुलखाला काउंटीचा दर्जा कसा मिळाला, हा येथील इतिहासाचा कळीचा प्रश्न. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने करवलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदीत) रटलंड ही काउंटी नाही. ‘रोटलंड’ हे नाव आढळते, पण ते फक्त वायव्येकडील अलस्टो व मार्टिन्स्ली या दोन वॉपन्टेकांना (महसुली उपविभागांना) लावलेले असून त्यांची नोंद नॉटिंगहॅमशरला जोडलेली आहे. आग्नेयेकडील विचली हा भाग नॉर्थॅम्प्टनशरमध्ये धरला आहे. वास्तविक रटलंडची हद्द नॉटिंगहॅमशरला कोठेच भिडत नाही. आकारणीचे आकडेही लक्षात घेण्याजोगे आहेत. अलस्टोमध्ये दोन हंड्रेड (वॉपन्टेकातील आकारणीचे पोटविभाग). प्रत्येकाची करआकारणी १२ कॅरुकेट (नांगरामागील करमाप), मात्र प्रत्येकात नांगर चालू शकतील असे २४. मार्टिन्स्लीत एकच हंड्रेड, आकारणी तीच १२ कॅरुकेट आणि नांगर ४८. असे ठोकळ आकडे शेतात जाऊन केलेल्या मोजणीतून निघत नाहीत. रक्कम वरून ठरवून खाली वाटून दिलेली दिसते. अलस्टोचा अर्धा भाग थर्गर्टनकडे व अर्धा ब्रॉक्स्टोकडे, म्हणजे दूरच्या नॉटिंगहॅमशरमधील वॉपन्टेकांकडे लावलेला आहे. त्यामुळे हा संबंध करवसुलीपुरताच असावा.

या स्थितीचा उलगडा दोन प्रकारे करतात. एका मतानुसार मर्सिया या मध्य इंग्लंडमधील जुन्या अँग्लो-सॅक्सन राज्यातील एखादा जुना राजकीय प्रदेश येथे अखंड टिकून राहिला. दुसऱ्या मतानुसार हा मुलूख राण्यांच्या निर्वाहासाठी राखून ठेवल्यामुळे दहाव्या शतकातील काउंट्यांच्या आखणीतून वगळला गेला; मराठी कागदपत्रांत चोळीबांगडीसाठी लावून दिलेली गावे असतात, तशीच ही सोय. बाराव्या शतकातील इतिवृत्तकार गेमार हा एल्फथ्रिथ व तिच्यानंतर एमा या राण्यांकडे रटलंड असल्याचे सांगतो. त्याची साक्ष उत्तरकालीन असल्याने जपून घ्यावी लागते. अकराव्या शतकातील इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर याची राणी ईडिथ हिच्याबाबत आधार अधिक भक्कम आहे. तिच्यानंतर हा प्रदेश वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला मिळावा, अशी एडवर्डची इच्छा होती. पण पहिल्या विल्यमने जमीन आपल्याकडेच ठेवली. ईडिथ वेस्टन या गावाच्या नावात तिची आठवण आहे. पुढे राजा जॉननेही रटलंड आपली राणी इझाबेला हिला लावून दिले. ही परंपरा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्याशी त्याचा विरोधही नाही. विचली येऊन मिळाल्यावर काउंटी आकाराला आली. स्वतंत्र काउंटी म्हणून पहिला उल्लेख सामान्यतः ११५९ चा मानतात. तरी चौदाव्या शतकापर्यंत ‘सोक ऑफ रटलंड’ (सोक म्हणजे खास अधिकारक्षेत्र) हा जुना प्रयोग आढळतो.

ओकमच्या गढीतील दिवाणखाना (सु. ११८०–९०) वॉकेलिन द फेरर्स याने बांधला. त्याच्या स्तंभशीर्षांवरील कोरीवकाम कँटरबरी कॅथीड्रलच्या कामाशी जुळते, यावरून तेथीलच कारागीर येथे आले असावेत असा तर्क आहे. ओकममधून प्रथमच जाणाऱ्या सरदाराने गढीच्या मालकाला घोड्याचा नाल द्यायचा, असा येथील रिवाज. भिंतींवर दोनशेहून अधिक नाल आहेत, सर्वांची टोके खाली. त्यांतील सर्वांत जुना राजा चौथ्या एडवर्डचा, १४७० च्या सुमाराचा मानतात. त्याच वर्षी मार्चमध्ये एम्पिंगमजवळ लोजकोट फील्डच्या लढाईत त्याने सर रॉबर्ट वेल्सच्या बंडखोरांचा पराभव केला होता. रिवाज नेमका कशातून निघाला याविषयी मतभेद आहेत. फेरर्स घराण्याच्या नालांच्या चिन्हाशी तो जोडण्याकडे कल आहे.

आर्चडीकन (चर्चमधील वरिष्ठ अधिकारी) रॉबर्ट जॉन्सन याने १५८४ मध्ये ओकम व अपिंगम येथे शाळा स्थापन केल्या. अर्थव्यवस्था शेती व मेंढपाळीवर उभी होती. केटन व क्लिप्शम येथील चुनखडकाला मात्र दूरवर मागणी असे. ओकम कालवा १८०२ मध्ये पूर्ण झाला आणि रेल्वेच्या आगमनामुळे १८४७ मध्ये बंद पडला.

ग्वॉश नदी अडवून १९७० च्या दशकात केलेल्या रटलंड वॉटर या जलाशयात नेदर हॅम्बल्टन हे खेडे बुडाले. नॉर्मंटनचे चर्च खालच्या अर्ध्या भागात दगडांचा भराव घालून वाचवण्यात आले. १ एप्रिल १९७४ रोजी काउंटी रद्द होऊन रटलंड लेस्टरशरमधील एक जिल्हा झाला. स्थानिक लोकांनी हा निर्णय मनापासून कधीच स्वीकारला नाही. १ एप्रिल १९९७ पासून त्याला पुन्हा स्वतंत्र कारभार मिळाला. २०२० मध्ये केटनजवळच्या शेतात रोमन वाड्याची मोझेक (रंगीत तुकड्यांची) फरसबंदी सापडली. तिच्यावर ग्रीक पुराणकथांतील ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीझ व हेक्टर यांच्या युद्धाची दृश्ये आहेत.