पुरात पीक गेलं? पंचनाम्याआधी सर्व्हे नंबर जुळवून घ्या

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या, ते दिवस बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावरची दुसरी धावपळ असते ती भरपाईची.

आमच्या दूधगंगेकाठच्या शेतात बांधच वाहून गेला होता, दोन्हीकडे सारखाच गाळ. नुकसानीचा फोटो निघाला तो चार पावलं पलीकडून, आणि जीपीएसवर ठिकाण पडलं शेजाऱ्याच्या नंबरात. ते निस्तरायला तीन खेपा झाल्या. म्हणून पावसाळ्याआधीच लोकेशन चालू करून शेतात उभे राहा आणि मोबाईलवर ‘दिशांक’ हे कर्नाटक सरकारचं जमीन नकाशांचं ॲप उघडा. तुम्ही उभे आहात तो सर्व्हे नंबर नकाशावर दिसतो. उताऱ्याशी ताडून पाहा. हद्दीवर थोडं इकडंतिकडं होतं, त्यामुळं शेताच्या मध्यावर उभं राहणं बरं.

पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं असेल तरच मदत मिळते, तीही २ हेक्टरपर्यंत. २०२२ ते २०२६साठीच्या केंद्राच्या निकषांत हेक्टरी दर असे: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५०० रुपये. राज्य कधी यात स्वतःची भर घालतं.

पाहणी महसूल, कृषी आणि फलोत्पादन खात्याची माणसं मिळून करतात, नोंद ‘परिहार’ या राज्याच्या भरपाईच्या ऑनलाइन प्रणालीत जाते. ढगांतूनही पाहणारे रडार उपग्रह पाणी कुठवर पसरलं ते दाखवतात, पण तुमच्या वाफ्यातला ऊस कुजला की तगला, हे पाहायला माणूसच यावा लागतो. त्या वेळी शेतात हजर राहा.

कागद थोडेच: आधार, पासबुक, सगळ्या गटांचे उतारे आणि ‘फ्रूट्स’चा, म्हणजे राज्याच्या शेतकरी नोंदणीचा, एफआयडी (शेतकरी ओळख) नंबर. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन एफआयडीला प्रत्येक सर्व्हे नंबर जोडला आहे का, हे आवर्जून विचारा. जो सुटला, त्याचे पैसे अडकतात. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसा नोंद आधी करून घ्या. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. नुसती केवायसी झाली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नव्हे, बँकेत तसं स्पष्ट विचारा.

निपाणीकडच्या काहींची जमीन पलीकडे कागल तालुक्यातही आहे. तिचा सात-बारा महाराष्ट्राचा, पंचनामाही तिथल्या तलाठ्याचाच.

भरपाईच्या यादीत नाव नसेल तर सर्व्हे नंबर, पीक आणि तारखेचे फोटो जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.